कमानीला माझा विरोध आहे

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण अर्धी वाचून "सर मराठीच्या विरोधात गेले" अशी बोंब गावभर करू नका. पूर्ण वाचा, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

आमच्या कुहीत मराठी भाषेसाठी काम करणारं एक मंडळ आहे. नाव लिहीत नाही, गावाला ठाऊक आहे. मी त्याचा कोषाध्यक्ष. खात्यात आज 1 लाख 40 हजार रुपये आहेत. हे पैसे बियाण्यांच्या दुकानदारांनी दिले, मिरचीच्या व्यापाऱ्यांनी दिले, माझ्यासारख्या पेन्शनर मास्तरांनी दिले, आणि एका एस.टी. ड्रायव्हरनं दोन हप्त्यांत हजार रुपये दिले. त्यातले 90 हजार आंभोऱ्याच्या रस्त्यावर लोखंडी स्वागत कमान उभी करायला आणि उरलेले 27 फेब्रुवारीच्या सोहळ्याला, म्हणजे मंडप, बाहेरचे पाहुणे, शाल, श्रीफळ, जेवण, असा ठराव मागच्या बैठकीत मांडला गेला. अकरा बाजूनं, एक विरोधात. तो एक मी. अंतिम मंजुरी येत्या रविवारी आहे.

कमानीवर "आद्यकवी मुकुंदराज" असं लिहायचं आहे. त्या नावाबद्दल मला आदर आहे, उगाच कुणी तिकडून धरू नये. शके 1110 मध्ये, म्हणजे 1188 साली, 'विवेकसिंधु' लिहिला गेला आणि तो आपल्या तालुक्यातल्या आंभोऱ्याला, वैनगंगेच्या काठी लिहिला गेला, असं आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. अंबाजोगाईवाले म्हणतात तो त्यांच्याकडे लिहिला. हा वाद जुना आहे आणि तो मिटवायला मी बसलेलो नाही. आपलं म्हणणं खरं मानू. मराठीतला आद्य ग्रंथ आपल्या तालुक्यात लिहिला गेला. मग आठशे वर्षांनी त्याच तालुक्यातलं सहा वर्षांचं पोरगं वर्गात तोंड उघडायला काहून भेते? याचं उत्तर कमानीवर कुठं लिहायचं?

कुही-मांढळचा मिरची सातरा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हिवाळा लागला की मोकळ्या जागेवर लाल मिरचीचे ढीग पडतात आणि गावोगावच्या बाया देठ खुडायला येतात. किलोवर मजुरी. तोंडाला फडकं, हाताची आग, आणि सोबत लेकरं. मी डिसेंबरात तिथं अर्धा दिवस बसून होतो. आमच्या बोलीचा एवढा मोठा साठा मी गेल्या दहा वर्षांत कुठं ऐकला नाही. धानाच्या गोष्टी निघाल्या तर बांधी, धुरा, पऱ्हे, रोवणा, पुंजणे. भाजीच्या निघाल्या तर भेदरं आणि सांबार. एक बाई डोळ्यात तिखट गेलं तर "डोया" म्हणते, तिच्या बाजूची वैनगंगेकडची, ती "डोरा" म्हणते. दोघी एकाच ढिगावर. कुही ही अशी जागा आहे, इकडून नागपुरी, तिकडून झाडी. पूर्वी हे दोन्ही आवाज नागपूर-नागभीडच्या छोट्या गाडीत ऐकू यायचे. ती गाडी 2019 ला बंद झाली. आता सातऱ्यावर ऐकू येतात.

"ए पोट्टे, ते टोपलं इकडं आन वं."
"आनतो ना माय, काहून वरडतं!"

ही पोरगी चार-साडेचार वर्षांची. आईला उलट उत्तर देत होती, मिरचीच्या ढिगाला पहाड म्हणून त्याची गोष्ट रचत होती, मला विचारत होती की बुढ्या तू कोनाचा. दोन वर्षांनी ती पहिलीत जाईल आणि मुकी होईल. हे मी अंदाजानं म्हणत नाही. अशी पोरं मुकी करण्याचं काम मी स्वतः 31 वर्षं पगार घेऊन केलं.

सांगतो. तालुक्यातलीच एक शाळा, पहिलीचा वर्ग. चित्रात विहीर. मी एका पोराला विचारलं, हे काय आहे? म्हणाला, "इहीर." मी म्हटलं, विहीर म्हण. म्हणाला. त्यात काय असतं? "पानी." पाणी म्हण. "पानी." ण, ण, बाणातला ण. "पानी." वर्ग हसला. मीही हसलो, हे लिहितानाही लाज वाटते. पाच वेळा म्हणायला लावलं. त्या दिवसानंतर चौथीपर्यंत त्या पोरानं माझ्या एकाही प्रश्नाला आपणहून उत्तर दिलं नाही. मी शेऱ्यात लिहीत राहिलो, "अभ्यासात मागे, वर्गात बोलत नाही." आता तो ट्रॅक्टर चालवतो. मागल्या पोळ्याला भेटला, पाया पडला, आणि हसत म्हणाला, "सर, तुमी मले पानी सिकवलं होतं." तो गमतीनं बोलला. मला रात्रभर झोप नाही.

बोलीत ण आणि ळ नसणं हा त्या पोराचा दोष नव्हता. त्याच्या घराची भाषा तशी आहे, तिला तिचे नियम आहेत. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा शब्दकोश केला, झाडीबोलीची साहित्य संमेलनं खेड्यापाड्यांत सुरू झाली, तेव्हा कुठं आम्हा मास्तरलोकांना कळलं की हे अशुद्ध मराठी नाही, ही एक बोली आहे. कळलं, पण लाल पेन खिशातच राहिला.

आता थोडं लांब जातो. माझा भाचा डब्लिनला नोकरीला आहे. दोन वर्षांमागं त्यानं रस्त्यावरच्या पाट्यांचे फोटो पाठवले. वर तिरक्या अक्षरांत आयरिश, खाली इंग्रजी. मी खूश झालो, म्हटलं बघा, स्वाभिमान असावा तर असा. तर तो म्हणतो, "मामा, पाटीवरच आहे. ऑफिसात एकालाही बोलताना ऐकलं नाही." मग मी त्या भाषेच्या मागं लागलो. पेन्शनर माणूस, दुसरं काय काम.

आयर्लंडच्या 1937 च्या घटनेत आयरिश ही पहिली राजभाषा आहे. 2007 पासून ती युरोपियन युनियनचीही अधिकृत भाषा आहे. म्हणजे कमान म्हणाल तर ब्रुसेल्सपर्यंत लागली. आणि 2022 च्या जनगणनेत काय निघालं? आम्हाला आयरिश येते असं सांगणारे सुमारे 18 लाख 74 हजार. शाळा-कॉलेजाबाहेर रोज बोलणारे 72 हजारही नाहीत.

ही भाषा मेली कशी, ते वाचून मला माझा वर्ग आठवला. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या कित्येक गावांत पोराच्या गळ्यात एक काठी बांधत. पोरगं आयरिश बोललं की काठीवर एक खाच. संध्याकाळी खाचा मोजायच्या आणि तेवढे फटके. यात मास्तरासोबत आईबापही सामील असत, कारण त्यांना वाटे पोरानं इंग्रजी शिकून जहाजात बसावं, जगावं. भुकेचा काळ होता, त्यांना कोण दोष देणार? पण भाषा घरातून गेली ती अशी, आईबापाच्या हातानं.

मग 1893 ला डग्लस हाइड आणि त्यांच्या सोबत्यांनी गेलिक लीग काढली. लीगनं काय केलं ते आमच्या अकरा जणांनी नीट वाचावं. गावोगाव शाखा, रात्रीचे वर्ग, बाया आणि पुरुष एकत्र, आणि सायकलवर फिरणारे शिक्षक, आज या गावात तर उद्या त्या. लोक पार्सलवर पत्ता आयरिशमध्ये लिहीत आणि पोस्ट खातं घेत नसे तर खात्याशी भांडत. तेव्हा सरकार इंग्रजांचं होतं, भाषेला दर्जा शून्य. तरी चळवळ जिवंत होती. 1922 मध्ये राज्य त्यांचं स्वतःचं झालं आणि पुढच्या दोन वर्षांत लीगच्या शेकडो शाखा बंद पडल्या. काहून? आता सरकार आपलं आहे, सरकार करेल.

ओळखीचं वाटते की नाही? 1 मे 1960 ला आपलं राज्य झालं. 1964 ला राजभाषा अधिनियम, 2010 ला स्वतंत्र मराठी भाषा विभाग, 2020 ला शाळांत मराठी सक्तीचा कायदा, 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा. हे सगळं चांगलंच झालं. अभिजात दर्जाच्या दिवशी पेढे मीही वाटले. पण कुहीतलं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाड्यांचं येणं-जाणं त्यानं एका फेरीनंही कमी झालं नाही.

आणि 2025 च्या एप्रिलात पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला तेव्हा आमच्या मंडळाचे व्हॉट्सअॅप स्टेटस पाहायला हवे होते. सगळे लढवय्ये. 29 जूनला निर्णय मागे घेतल्याचं जाहीर झालं तेव्हा चौकात फटाके फुटले. हिंदीच्या त्या सक्तीला माझाही विरोधच होता. पण मी बैठकीत नुसतं विचारलं की इथं बसलेल्यांपैकी किती जणांचे नातू मराठी शाळेत आहेत, तर विषय सोडून बोलू नका म्हणून मलाच गप्प केलं. माझा स्वतःचा नातूही इंग्रजी शाळेतच आहे. म्हणजे बोट माझ्याकडंही आहे. पण निदान मी ते टेबलाखाली लपवत नाही.

आयर्लंडची गोष्ट इथंच संपती तर मी ही पोस्ट लिहिलीच नसती. बेलफास्ट शहर, म्हणजे उत्तर आयर्लंड, आजही ब्रिटिश राज्यात. 1969 ला, शहरात दंगली पेटल्या होत्या त्याच काळात, काही तरुण कुटुंबं शॉज रोड नावाच्या रस्त्यावर स्वतः घरं बांधून राहायला आली. हातावर मोजावी एवढी घरं. एकच अट, पोरांशी घरात आयरिश बोलायचं. यातल्या बहुतेकांनी ती भाषा मोठेपणी शिकलेली. 1971 ला त्यांनी आपली शाळा काढली. पट किती? नऊ. सरकारनं मान्यता दिली नाही, वर कारवाईची धमकी दिली. पैसा लोकांनी गोळा केला. मान्यता मिळाली 1984 ला, तेरा वर्षांनी. आज उत्तर आयर्लंडमध्ये हजारो पोरं आयरिश माध्यमात शिकतात आणि 2022 ला तिथल्या भाषेसाठी कायदासुद्धा झाला. म्हणजे पोरं आधी, कायदा पन्नास वर्षांनी. दक्षिणेत, जिथं राज्य आपलं होतं, तिथंही जे नव्यानं उभं राहिलं ते आईबापांनी काढलेल्या बालवाड्यांतून आणि आयरिश शाळांतून.

"सर, ते गोरे लोक, आपल्याकडं असं होत नाही," असं एकानं मला ऐकवलं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं 2019 ला गोंडी माध्यमाची शाळा काढली. गोंडीला अभिजात सोडा, आठव्या अनुसूचीतही जागा नाही, आणि 2011 च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे 29 लाखांच्या वर आहेत. शिक्षण खात्यानं शाळा अनधिकृत ठरवून बंद करायची नोटीस दिली आणि प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. बेलफास्टच्या नऊ पोरांची आणि मोहगावची गोष्ट मला एकच वाटते. मोहगावच्या बाजूनं आपल्या विदर्भातल्या किती मराठी मंडळांनी साधा ठराव केला? आमच्या मंडळानं केला नाही. मी मांडला होता. "तो आपला विषय नाही," असं उत्तर मिळालं. घरच्या भाषेत शिकायचा हक्क मागणारं पोरगं हा भाषेच्या मंडळाचा विषय नाही, तर मग विषय कोणता, शाल कोणत्या रंगाची घ्यायची हा?

त्याहून मागं जायचं तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. बोर्डीला, मग कोसबाडला. पोरं शाळेत येत नाहीत म्हणून त्या अंगण शोधत गेल्या, आणि पोरं गुरांमागं कुरणात असतात म्हणून कुरणातच शाळा नेली. कुरणशाळा. हे महाराष्ट्रात, मराठी बायांनी, ऐंशी वर्षांमागं सुरू केलेलं काम आहे. बेलफास्टला जायची गरजच नाही, पालघर पुरे.

आता आमच्या मंडळातल्या आक्षेपांकडे येतो.

पहिला, बोलीत शिकवलं तर पोरं गावंढळ राहतील. अरे, बोलीत शिकवा असं मी म्हणतच नाही. पुस्तक प्रमाण मराठीचंच असू द्या. पण पोराला पुस्तकापर्यंत न्यायचं तर ते जिथं उभं आहे तिथून हात धरावा लागतो. "पानी" म्हणणाऱ्याला आधी पाण्याची गोष्ट सांगू द्या, 'ण' नंतर येईल. गोष्ट एकदा गेली की परत येत नाही, हे मी पाहिलं आहे.

दुसरा, झाडी, नागपुरी, वऱ्हाडी असं करत बसलात तर मराठीचे तुकडे होतील. हे बोलणारे सद्गृहस्थ दरवर्षी दिवाळीनंतर झाडीपट्टीचं नाटक पाहायला रात्रभर जागतात, मंडईत दंडार पाहतात. 2023 ला झाडीपट्टीच्या परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी स्टेटस ठेवलं होतं. रंगमंचावर बोली चालते, टाळ्या घेते. वर्गात आली की तुकडे होतात!

तिसरा आक्षेप खरा आहे, तो इंग्रजीचा. पोटापाण्याला इंग्रजी लागते. सातऱ्यावरच्या त्याच माउलीनं मला विचारलं, "सर, इंग्लिस सिकलं तर हे मिरची खुडनं सुटन ना?" तिला मी काय सांगू, की मायमराठीसाठी तू मिरची खुडत राहा? नाही सांगितलं. माझं म्हणणं एवढंच की इंग्रजी शिकायलाही आधी बोलतं पोरगं लागतं. मुक्या पोराला कुठलीच भाषा येत नाही. आयरिश शाळांतली पोरं इंग्रजी विसरली असं काही झालेलं नाही, दोन्ही बोलतात.

आणखी एक गोष्ट, जिचा आमच्या मंडळात कधी उच्चार झाला नाही. 22 एप्रिल 1988 ला गोसेखुर्दचं भूमिपूजन झालं. त्यानंतर कुही तालुक्यातली गावं वैनगंगेच्या पाण्यात गेली आणि लोक पुनर्वसनात गेले. घरांचा मोबदला मोजला, झाडांचा मोजला, कमी-जास्त काय तो. नदीकाठच्या ढिवरांकडे मासे, जाळी, डोंगा, पाण्याचे प्रवाह यांचे जे शब्द होते ते कुणी मोजले? ते बोलणारे म्हातारे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. एका पुनर्वसित गावात मी मागच्या महिन्यात मोबाईलवर दीड तास रेकॉर्डिंग केलं. नदीच्या खोलीला त्या बुढ्याकडं मला चार वेगवेगळे शब्द मिळाले, आणि त्याच्या शहरात नोकरी करणाऱ्या नातवाला त्यातला एकही ठाऊक नव्हता. आंभोऱ्याला आता नवा पूल झाला, वरून नदी पाहायला गॅलरी आहे, रविवारी गर्दी असते. गॅलरीतून पाणी दिसते. पाण्याखालचं गाव काय बोलत होतं ते सांगणारा माणूस खाली पुनर्वसनात बाजेवर पडून आहे.

तर माझा प्रस्ताव लेखी दिला आहे, इथंही देतो, म्हणजे नंतर "सरांनी पर्याय दिला नाही" असं व्हायला नको. सातऱ्याच्या हंगामात, तीन ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी, सातऱ्याच्याच बाजूला सावलीत रोज दोन तास गोष्टीचा वर्ग. चालवणाऱ्या दोन बाया सातऱ्यावरच्याच, ज्यांना गोष्टी आणि गाणी येतात. त्यांना रोजची मजुरी बुडणार नाही एवढं मानधन. चार महिन्यांचे दोघींचे, सतरंज्यांचे, चित्रांच्या पुस्तकांचे आणि लेकरांच्या खाऊचे मिळून मी 1 लाख 15 हजारांचा हिशेब धरला आहे. उरलेल्या 25 हजारांत एक बरं रेकॉर्डर आणि पुनर्वसित गावांत फिरायचा खर्च. फिरायला मी आहे, पेट्रोल माझं. 27 फेब्रुवारीचा कार्यक्रम त्याच सातऱ्यावर, मंडपाशिवाय, पाहुण्यांशिवाय. कुसुमाग्रजांना वाईट वाटणार नाही, याची मला खात्री आहे.

अध्यक्षांनी प्रस्ताव वाचून विचारलं, "पण यात मंडळाचं नाव कुठं दिसेल?" ते मला वडिलांसारखे आहेत, पायाला हात लावूनच बोलतो त्यांच्याशी. पण त्या वाक्यानं मला समजलं की अकरा विरुद्ध एक काहून झालं.

रविवारी सकाळी 11 वाजता बैठक आहे. घटनेप्रमाणे वर्गणीदाराला बैठकीला बसता येतं, बोलताही येतं, फक्त मत देता येत नाही. ज्यांनी शंभर रुपये दिले असतील त्यांनीही यावं. त्या ड्रायव्हर भाऊंना मी फोन केला होता, त्यांची त्या दिवशी उमरेडची ड्युटी आहे, बदली मिळाली तर येतो म्हणाले. सातऱ्यावरच्या दोघी येतो म्हणतात, पण त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडेल, ती माझ्याकडून. ठराव कमानीचाच मंजूर झाला तर चेकवर कोषाध्यक्षाची सही लागते. ती मी करणार नाही. राजीनामा लिहून खिशात ठेवला आहे, दुसरा कोषाध्यक्ष नेमा आणि करा.